आधी छत, मग मायक्रोफोन

जुन्या पिढीचे मराठी बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले पाहिजे, याविषयी आपल्या मंडळींत मतभेद नाही. मतभेद आहे तो पैसा कोठे घालावा याविषयी. आणि बहुमत, आमच्या मते, चुकीच्या बाजूला आहे. एखाद्या सभासदाच्या घरातील खोली मिळाली की चर्चा सुरू होते ती मायक्रोफोनच्या किमतीची. उरल्या पैशांत इंचभर जाडीचा काळा फोम भिंतींना चिकटवायचा आणि ‘स्टुडिओ झाला’ म्हणून नारळ फोडायचा. मान वर करून छताकडे मात्र कोणी पाहत नाही. या उत्साहाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

हा वाद सुतारकामाचा नाही, भाषेचा आहे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. लिपीत दोन्ही एक, कानाला मात्र दोन. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले च निराळे. हिंदीच्या शेजारात वाढलेल्या आमच्या इंदुरी नातवंडांच्या तोंडी हा भेद पुसट होत चालला आहे. देवनागरी तो दाखवीत नाही. म्हणूनच ध्वनिमुद्रणाचा खटाटोप. त्या मुद्रणातही तो ऐकू येणार नसेल, तर खटाटोप कशासाठी?

या बाबतीत आम्हीही अपराधी आहोत. एका वयोवृद्ध बाईंच्या आठवणी आम्ही अशाच फोम लावलेल्या खोलीत दोन सकाळी बसून मुद्रित केल्या. ऐकताना वाटे, बाई विहिरीत वाकून बोलत आहेत. पुन्हा मुद्रण करू म्हणेपर्यंत त्या राहिल्या नव्हत्या. मायक्रोफोन उत्तम होता. त्याने खोलीचे घुमणेही उत्तम टिपले.

असे का झाले, याचे गणित सोपे आहे. वर सिमेंटचा स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. छत १० फुटांवर असेल आणि वक्ता खुर्चीत बसला असेल, तर त्याचा आवाज छताला आपटून सुमारे ११ मिलिसेकंदांनी मायक्रोफोनपाशी परत येतो. मूळ आवाजात मिसळताना काही कंप्रता तो खोडतो, काही फुगवतो. भिंतींना निदान कपाटे, पडदे, पुस्तके असतात. जमिनीवर सतरंजी अंथरता येते. छत तेवढे उघडे राहते. इंचभर फोम केवळ उंच स्वर शोषतो. पुरुषाच्या आवाजातील १५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी दोन मीटरांहून अधिक. तिला इंचभर फोमची काय मातब्बरी? खालचे घुमणे तसेच उरते आणि त्याखाली व्यंजने दबतात.

उपाय लटकत्या पॅनेलचा. चार फूट बाय दोन फुटांची लाकडी चौकट, तिच्यात चार इंच जाड रॉकवूल, आणि फुंकर आरपार जाईल असे सुती कापड सर्व बाजूंनी गच्च ताणलेले. हे पॅनेल स्लॅबला चिकटवू नये, चार ते आठ इंच खाली टांगावे. कठीण पृष्ठभागालगत हवेचे कण हलू शकत नाहीत. त्यांची हालचाल सर्वाधिक असते ती पाव तरंगलांबीवर. म्हणून मागची पोकळी फुकटात जाडीचे काम करते. असे एक पॅनेल सहा-सात किलोंचे भरते. ते पीओपीच्या फॉल्स सीलिंगला नव्हे, स्लॅबमध्ये अँकर ठोकून चार कोपऱ्यांनी टांगावे. पंख्याच्या पात्यांपासून दूर, आणि निदान एक तरी वक्त्याच्या व मायक्रोफोनच्या बरोबर वर.

‘नंतर सॉफ्टवेअरने साफ करू’ हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. सॉफ्टवेअर अंदाज करते. आणि अंदाजाने दुरुस्त केलेला उच्चार पुरावा म्हणून ठेवता येत नाही. ‘पॅनेलने रस्त्यावरचे हॉर्न थांबतील का?’ नाही थांबणार. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. शोषण हे वेगळे काम. त्यासाठी पहाटेची वेळ निवडावी आणि पंखा बंद ठेवावा. ‘फोम स्वस्त आहे’ हा तिसरा आक्षेप. २००३ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या एका नाइट क्लबात आतषबाजीच्या ठिणगीने भिंतीवरचा पॉलियुरेथेन फोम पेटला आणि शंभर माणसे दगावली. ज्या खोलीत आपण ऐंशी वर्षांच्या माणसांना बसवणार, तिथे ही स्वस्ताई नको. रॉकवूल दगडापासून बनते. ते जळत नाही.

यात नवे काही नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळेनासे झाले, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या आणि मोजून दाखवले की शोषण वाढले की घुमणे त्याच प्रमाणात घटते. त्याने वक्ता बदलला नाही, खोली बदलली.

म्हणून आमची मागणी एवढीच: नव्या मायक्रोफोनची खरेदी पुढे ढकलावी आणि आधी चार पॅनेले टांगावीत. तोवर ज्यांना शंका आहे त्यांनी खोलीच्या मध्यभागी उभे राहून एक टाळी वाजवावी. टाळी थांबल्यावरही छत आणि फरशी यांच्यात काही फडफडत राहिले, तर आमच्या जुन्या माणसांना तिथे बोलायला बसवू नये. त्यांच्यापाशी पुन्हा सांगण्याइतका वेळ असेलच, असे नाही.