अक्षर शाळेचं, निकाल माणसाचा

नोकरीच्या मुलाखतीला आलेल्या उमेदवारापुढे एक कोरा, बिनरेघी कागद ठेवला जातो. ‘स्वतःविषयी पानभर लिहा आणि खाली सही करा,’ एवढंच सांगितलं जातं. कशासाठी, ते कुणी सांगत नाही. तो कागद हस्ताक्षर विश्लेषकाकडे जातो आणि स्वभावाचा दाखला होऊन परत येतो : महत्त्वाकांक्षा मध्यम, निर्णयक्षमता कमी, टीका सहन होत नाही, वरिष्ठांशी खटके उडण्याची शक्यता. या प्रकाराला आपल्याकडे बिनदिक्कत ‘शास्त्र’ म्हणतात. माझी उमेदीची वर्षं मनुष्यबळ विभागात गेली. त्या अनुभवावरून आणि उपलब्ध संशोधनावरून माझं मत ठाम आहे : हे शास्त्र नाही, आणि भरतीत किंवा बढतीत त्याचा वापर करणं हा माणसावर सरळ अन्याय आहे.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडतो. हस्ताक्षर विश्लेषक म्हणतात, हात फक्त पेन धरतो, लिहितो तो मेंदू. म्हणून अक्षर हा मेंदूचाच ठसा. परंपराही जुनी आहे. इटलीत कामिल्लो बाल्दीने १६२२ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला. फ्रान्समध्ये मिशाँ नावाच्या धर्मगुरूने १८७१ मध्ये ग्राफॉलॉजीची, म्हणजे हस्ताक्षर विश्लेषणाची, संस्था काढली आणि पुढे तिथल्या कंपन्यांत हाताने लिहिलेला अर्ज मागण्याची प्रथाच पडली. न्यायालयंही हस्ताक्षरतज्ज्ञाचं मत ऐकतात. ‘आमचे अहवाल लोकांना तंतोतंत पटतात,’ हा अनुभवाचा पुरावा ते देतात. आणि शेवटी म्हणतात, आम्ही कुठे फक्त अक्षरावरून निवड करा म्हणतो? इतर गोष्टींच्या जोडीला एक पूरक साधन म्हणून घ्या.

मेंदूचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो ऐकायला सर्वांत शास्त्रीय वाटतो. अक्षर मेंदूतून येतं हे खरंच आहे. चालणंही मेंदूतूनच येतं, शिट्टी वाजवणंही. पण अमुक वळणाचा अर्थ अमुक स्वभाव हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही, ते वेगळं तपासावं लागतं. पार्किन्सनच्या आजारात अक्षर बारीक होत जातं, आणि डॉक्टर त्या लक्षणाची दखल घेतात. पण तो संबंध रुग्णांच्या तपासणीतून प्रस्थापित झालेला आहे आणि तो स्नायूंच्या हालचालीविषयी बोलतो. माणूस प्रामाणिक आहे की नाही, हे तो सांगत नाही.

मग स्वभावाविषयीचे दावे तपासले गेले का? गेले, आणि अनेकदा. नेटर आणि बेन-शाखर यांनी १९८९ मध्ये अशा १७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कामावरची कामगिरी ओळखण्यात ग्राफॉलॉजिस्ट इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. ज्यांना ग्राफॉलॉजीचा गंधही नव्हता असे मानसशास्त्रज्ञ त्यांच्याइतकेच, किंबहुना थोडे बरे निघाले. जो थोडाफार अंदाज बरोबर येत होता तो मजकुरातून येत होता. माणूस स्वतःविषयी लिहितो तेव्हा शिक्षण, आधीची नोकरी, भाषेवरची पकड हे सगळं त्या पानावर उतरतं. तेच पान टंकलिखित करून दिलं तरी ती माहिती मिळते. सगळ्यांना एकच ठरावीक उतारा उतरवून काढायला लावला की ही भविष्यवाणी जवळपास कोलमडते. बेन-शाखर आणि सहकाऱ्यांनी त्याआधी, १९८६ मध्ये, इस्रायलमध्ये केलेल्या एका चाचणीत आठ व्यवसायांतल्या ४० यशस्वी माणसांची अक्षरं ग्राफॉलॉजिस्टांपुढे ठेवली होती. कोण कुठल्या व्यवसायातला, हे त्यांना नुसत्या अंदाजापेक्षा अधिक ओळखता आलं नाही. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यात ग्राफॉलॉजीचा कामगिरीशी असलेला सहसंबंध निघाला ०.०२. म्हणजे नसल्यात जमा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अक्षरावरून लिहिणारा पुरुष आहे की स्त्री, हे सामान्य माणसालाही योगायोगापेक्षा बऱ्यापैकी जास्त वेळा ओळखता येतं. पण ती माहिती अर्जात असतेच. ती दुसऱ्या वाटेने अहवालात शिरली, तर त्यातून फक्त पूर्वग्रहाला खतपाणी मिळतं.

तरीही अहवाल पटतात, हे खरं आहे. का पटतात याचं उत्तर बर्ट्राम फोररने १९४८ मध्येच शोधलं होतं. त्याने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचं वैयक्तिक विश्लेषण’ म्हणून एक कागद दिला. वर्णन अचूक आहे का, याला पाचपैकी गुण द्या, असं सांगितलं. सरासरी आली चारच्या वर. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि त्यातली वाक्यं एका राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. ‘तुम्ही वरून शांत दिसता, पण मनात बरंच साठवून ठेवता’ हे वाक्य कुणाला लागू पडत नाही? ग्राफॉलॉजीचे नियम पटतात तेही अशाच कारणाने. वर चढणारी ओळ म्हणजे चढता उत्साह, खाली उतरणारी म्हणजे खचलेलं मन, मोठं अक्षर म्हणजे मोठा अहं. बोलण्यातली रूपकं कागदावर चिकटवली की ती शोध लागल्यासारखी वाटतात.

आता मला सर्वांत जास्त खुपणाऱ्या मुद्द्याकडे येतो. ग्राफॉलॉजीचे गाजलेले नियम रोमन लिपीसाठी तयार झाले : टी या अक्षराची आडवी रेघ किती उंच, आय वरचा ठिपका कुठे, जी आणि वाय यांचे खालचे फास किती मोठे. आपल्या लिपीत यातलं काहीच नाही. आपली अक्षरं शिरोरेघेला टांगलेली असतात. मोडीत तर आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग शक्यतो लेखणी न उचलता त्या रेघेखाली अक्षरं लिहीत जायची, ही रीत होती. चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी मोडीची वळणं होती. कारकून ज्या वळणात तयार झाला ते वळण त्याच्या हाताला बसायचं, मग तो तापट असो की शांत. जोडून लिहिणारा तर्कशुद्ध, हा नियम लावला तर पेशवे दप्तरातला झाडून सगळा कारकूनवर्ग एकाच स्वभावाचा ठरेल. आपल्या परंपरेने अक्षराकडे हस्तकौशल्य म्हणूनच पाहिलं. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि समर्थ तिथे सांगतात ते सरावाने अक्षर कसं घडवावं हे. गांधीजींना आपल्या खराब अक्षराची आयुष्यभर खंत होती. आत्मकथेत त्यांनी ते अपुऱ्या शिक्षणाचं लक्षण मानलं आहे, स्वभावाचं नव्हे.

अक्षर शाळा घडवते. दुरेघी वही, चाररेघी वही, गिरवलेला कित्ता, बाईंच्या हातची छडी किंवा शाबासकी, हे सगळं त्यात मुरलेलं असतं. २००० पर्यंत महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. त्या पिढीतल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुलाचं इंग्रजी अक्षर आणि शहरातल्या कॉन्व्हेंटमधल्या मुलाचं इंग्रजी अक्षर शेजारी ठेवा. फरक लगेच दिसतो, पण तो स्वभावाचा नाही.

एका कारखान्यात स्टोअरकीपरच्या जागेसाठी आलेल्या मुलाचा अहवाल मी वाचलेला आहे. इंग्रजीतलं अक्षर सुटं सुटं, म्हणून ‘एकलकोंडा’. ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या, म्हणून ‘निराशेकडे कल’. पेन कागदावर इतकं दाबलेलं की मागच्या बाजूला बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागत होती, म्हणून ‘दडपलेला राग’. मुलगा खेड्यातल्या मराठी शाळेतून आलेला. इंग्रजी अक्षरं जोडून लिहायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आयुष्यभर रेघी वहीत लिहिलेल्या हाताला बिनरेघी कागदावर ओळ सरळ ठेवता आली नाही. सवय नसलेल्या लिपीत लिहिताना बोटं आवळली जातात, तशी त्याचीही आवळली गेली. मी हरकत घेतली, ती टिकली नाही. त्याला पुढच्या फेरीला बोलावलं गेलं नाही आणि का बोलावलं नाही हेही कळवलं गेलं नाही. त्याची गरिबी आणि त्याची शाळा कागदावर दिसली आणि आम्ही त्यांना स्वभावदोष असं नाव दिलं. ‘पूरक साधन’ कसं काम करतं ते हे. अहवाल मुलाखतीआधी टेबलावर येतो, मुलाखत घेणाऱ्याच्या मनात शंका पेरतो आणि मग उमेदवाराच्या प्रत्येक उत्तराला त्या शंकेचा रंग चढतो. शून्य माहिती देणारं साधन जोडीला घेतलं तर निवडीत भर पडत नाही, फक्त गोंधळ वाढतो.

डिस्ग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली जन्मजात अडचण असलेल्यांचं काय? दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेत तिचा समावेश आहे. ज्या अडचणीला कायदा संरक्षण देतो, तिच्यावरूनच माणसाला अस्थिर मनाचा ठरवणारे अहवाल कंपन्या पैसे मोजून विकत घेतात.

न्यायालयाचा दाखला इथे गैरलागू आहे. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ खाली, आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली, तज्ज्ञाला विचारतात की ही सही आणि ती सही एकाच हातची आहे का. तो दोन नमुने ताडून पाहतो. सही करणारा कष्टाळू आहे की कामचुकार, हे त्याला कुणी विचारत नाही. फ्रान्सचा दाखलाही अर्धवट दिला जातो. तिथे १९९२ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने निवडपद्धतीचा कामाशी संबंध असला पाहिजे आणि उमेदवाराला ती आधी सांगितली पाहिजे, असं बंधन घातलं.

हस्ताक्षर विश्लेषकांपैकीच काही जण ‘अक्षर बदला, आयुष्य बदलेल’ असे वर्गही चालवतात. सहीखाली रेघ ओढा, टी ची काठी उंच करा. आता अक्षर ठरवून बदलता येत असेल तर उमेदवारही मुलाखतीपुरतं ते बदलून येईल आणि चाचणी निकामी होईल. बदलता येत नसेल तर वर्गाची फी कशाची? इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींपैकी एकातूनही ग्राफॉलॉजी सुटत नाही.

मग माणूस ओळखायचा कसा? त्याला काम देऊन. स्टोअरकीपर हवा असेल तर त्याच्यापुढे दहा चलनं, त्यांच्या पर्चेस ऑर्डर आणि आवक रजिस्टर ठेवा. दोन ठिकाणी नगांची संख्या जुळत नाही, एका चलनावर ऑर्डर नंबर नाही, असा घोळ मुद्दाम घालून ठेवा आणि अर्धा तास द्या. कोण चूक पकडतो, कोण ती खपवून नेतो, कोण विचारायला उठतो, हे डोळ्यांनी दिसतं. फिटरला ड्रॉइंग, व्हर्नियर आणि जॉब द्या. आयटीआयच्या ट्रेड टेस्टमध्ये हेच होतं. तिथे फायलिंग टॉलरन्समध्ये बसलं की नाही एवढंच पाहतात, म्हणून गरीब घरातली मुलं त्या दारातून आत येऊ शकली. सुपरवायझर किंवा अधिकारी निवडताना सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारा. कुठल्या उत्तराला किती गुण ते आधी ठरवा. मुलाखत घेणाऱ्यांनी एकमेकांचे गुण न पाहता गुण द्यावेत. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये जुने आकडे नव्याने तपासले, तेव्हा बऱ्याच पद्धतींचे आकडे खाली आले. पण अशी आखीव मुलाखत सर्वांत वर राहिली, सहसंबंध ०.४२. कामाचा नमुना आणि कामाच्या ज्ञानाची परीक्षाही उपयोगी ठरल्या. यांना मेहनत लागते. प्रश्न तयार करावे लागतात, चलनं जमवावी लागतात, विभागप्रमुखाचा अर्धा दिवस मागून घ्यावा लागतो. कोरा कागद सोपा वाटतो तो यामुळेच.

मनुष्यबळ विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे : हा कागद भरतीतून आणि बढतीतून काढून टाका आणि जुन्या फायलींतले असे अहवाल माणसांच्या नावांवरून हटवा. आणि नोकरीसाठी जाणाऱ्या मुलामुलींनो, पुढ्यात बिनरेघी कागद आला तर तो कशासाठी आहे, कोण वाचणार आहे आणि अहवालाची प्रत मला मिळेल का, हे नम्रपणे पण नक्की विचारा.