हसनकैफ : कबर हलली, कूळ वाऱ्यावर

तुर्कस्तानच्या आग्नेय भागात तैग्रिस नदीच्या काठी हसनकैफ हे छोटे, प्राचीन गाव होते. गावात अरबी बोलणारी माणसे व कुर्द शेजारी म्हणून नांदत. भोवतालची खेडी बहुतांशी कुर्दांची. जुलै २०१९ पासून इलिसू धरणाचे पाणी चढू लागले आणि २०२० मध्ये जुने गाव बुडाले. पूर्णतः वा अंशतः १९९ वस्त्यांना या जलाशयाची झळ पोचली.

धरणाची क्षमता १,२०० मेगावॅट आहे. वीज हवी, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो तिची किंमत कोणी मोजावयाची हा. नुकसानभरपाई मालकीच्या कागदावरून ठरते. या प्रदेशात मोठ्या जमिनी ‘आगा’ म्हणविणाऱ्या जमीनदारांकडे. कसणारे मात्र कूळ, बटाईदार किंवा मजूर. १९४५ साली तेथे शेतकऱ्यास जमीन देण्याचा कायदा झाला खरा. पण वाटली गेली ती मुख्यतः सरकारी जमीन. जमीनदारी शाबूत राहिली. म्हणून जमीन बुडाली तेव्हा मोबदला मालकास मिळाला आणि जिचा घाम त्या मातीत जिरला ती कुटुंबे रोजगारासह बुडाली. शिवाय १९९० च्या दशकात सरकार व कुर्द बंडखोर यांच्या युद्धात सुमारे ३,००० खेडी व वाड्या ओस पडल्या होत्या. आधीच परागंदा झालेल्यांनी आपला हक्क शाबीत करावा तरी कसा?

पुनर्वसन, पर्यावरण व वारसा यांविषयीच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत, म्हणून जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड यांनी २००९ मध्ये आपली पतहमी काढून घेतली. तुर्की सरकारने देशी बँकांच्या पैशावर काम पुढे रेटले. परकीयांच्या सदसद्विवेकावर विसंबणाऱ्या चळवळींनी हा धडा नीट वाचावा.

पंधराव्या शतकातील झेनेल बे यांची सुमारे १,१०० टनांची कबर २०१७ मध्ये चाकांवर चढवून अखंड हलविण्यात आली. अभियांत्रिकीचे हे यश कौतुकास्पदच. परंतु मृताचे स्मारक अखंड नेणाऱ्या राज्यास जिवंत माणसाची उपजीविका अखंड ठेवता आली नाही, कारण तसा हुकूमच कोणी दिला नव्हता.

पुनर्वसन हे दान नव्हे, ती उत्पादनाच्या साधनांची फेरवाटणी आहे. कसणाऱ्याचा हक्क आधी कागदावर येत नाही तोवर प्रत्येक धरण विषमतेलाच पाणी पाजणार. भिंत उभी राहण्यापूर्वी कुळांची यादी तयार झाली पाहिजे, हीच कष्टकऱ्यांच्या चळवळीची पहिली मागणी असली पाहिजे.