आवाजाच्या गावातला दुसरा बहिरेपणा

नागपूरहून वर्धा मार्गाने निघाले, की मिहान मागे पडते आणि थोड्याच वेळात बुटीबोरीची औद्योगिक वसाहत लागते. धागा कातणारी, पत्रा कापणारी, विजेच्या तारांचे मनोरे घडविणारी यंत्रे येथे चालतात. अशा गावात एखाद्याला कमी ऐकू येऊ लागले, तर त्याचे कारण शोधण्याची गरजच कोणाला वाटत नाही. 'यंत्राजवळ काम केले, कान गेला!' एवढ्यावर विषय संपतो. आणि घरातल्या बाईला ऐकू येईनासे झाले, तर 'तिचे लक्षच नसते' असा निवाडा होतो.

हे उत्तर पुष्कळदा खरे असते. पण ते जेव्हा खोटे ठरते, तेव्हा वाचू शकला असता असा कान हातचा जातो. म्हणून मला ते धोक्याचे वाटते.

आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्यानेही धंदेजन्य रोग मानला आहे. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा नियमांत आहे ती त्यासाठीच. पण या बहिरेपणाची चाल ठरलेली असते. तो वर्षानुवर्षे, हळूहळू वाढतो आणि श्रवणाच्या आलेखावर प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो.

दुसरा एक बहिरेपणा मात्र काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कान निकामी करतो. बहुधा दोन्ही कानांत, कधी कमी कधी जास्त, सोबत कानात गुणगुण आणि पुष्कळांना चक्कर. येथे अपराधी यंत्र नसते; शरीराची संरक्षक यंत्रणाच अंतर्कर्णावर उलटते. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार. १९७९ साली ब्रायन मॅककेब या अमेरिकन कानतज्ज्ञांनी या रोगाचे स्वतंत्र वर्णन केले आणि तो स्टेरॉइडसारख्या औषधांनी आटोक्यात येऊ शकतो, हे दाखविले. कधी तो एकटाच येतो, तर कधी संधिवात, ल्युपस यांसारख्या रोगांच्या पाठोपाठ. डोळे आणि कान एकदम धरणारा त्याचा एक भाऊबंद डेव्हिड कोगन यांनी १९४५ मध्येच नोंदविला होता.

अडचण आहे ती पुराव्याची. अंतर्कर्ण शरीरातल्या अतिशय कठीण हाडात दडलेला असतो. त्याचा तुकडा काढून तपासायचा, तर राहिलेले श्रवणही जाते. येथेच एमआरआयची मदत होते. शिरेतून गॅडोलिनियम हे द्रव्य टोचतात आणि सुमारे चार तास थांबून कानाची खास चित्रे घेतात. जपानमधील नागोया येथील डॉक्टरांनी ही पद्धत पुढे आणली. अंतर्कर्णात दोन द्रव असतात. औषध बाहेरच्या द्रवात उतरून तो उजळतो. आतला काळाच राहतो. आतली पिशवी फुगली असेल, तर ती काळी सावली मोठी दिसते. रक्त आणि कान यांमधला बांध दाहाने गळू लागला असेल, तर कान नेहमीपेक्षा अधिक चमकतो. रोग जुना होऊन शंखाकृती नळीत हाड भरू लागले असेल, तर द्रवाची खूणच पुसली जाते. पुढे कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचे झाल्यास शल्यविशारदाला ही माहिती फार मोलाची असते. शिवाय श्रवणाच्या नसेवरची गाठ नाही ना, याचाही उलगडा त्याच तपासणीत होतो.

अर्थात हे यंत्र म्हणजे न्यायाधीश नव्हे. तशीच चमक इतर आजारांतही दिसते आणि चित्र निर्मळ आले म्हणून रोग नाही, असे ठरत नाही. मेंदूच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये तर या गोष्टी बहुधा दिसतच नाहीत. म्हणून चिठ्ठीवर 'कानासाठी' असे स्पष्ट लिहिलेले हवे आणि संधिवात किंवा ल्युपस असल्यास तेही. कारखान्यातल्या माणसाने आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. घासकाम करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? त्या प्रचंड चुंबकात असा कण हलला, तर डोळ्याला इजा होते. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तोही आधी सांगावा.

या सगळ्याआधी करायची गोष्ट मात्र साधी आहे. ऐकणे काही दिवसांत वा आठवड्यांत घटले, तर त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणाचा आलेख काढून घ्यावा. नागपूरच्या मेडिकलमध्ये आणि एम्समध्ये कान-नाक-घसा विभाग आहेत. एमआरआयची तारीख मिळेपर्यंत उपचार थांबवायचे का, हे डॉक्टरांना विचारावे. बहुधा ते थांबवीत नाहीत. स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये आणि मध्येच सोडू नये. सगळ्यांनाच त्याचा गुण येतो असे नाही. पण उशीर झाला, तर येण्याची आशाही मावळते. माणसाच्या अंतर्कर्णातल्या सुमारे १५,००० केशपेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत.

बुटीबोरीत यंत्रे आहेत, म्हणून तेथला प्रत्येक बहिरा कान यंत्राच्या नावे मांडणे सोयीचे आहे. पण सांधे दुखणारी, तीन आठवड्यांपासून 'काय म्हणालात?' असे विचारणारी घरातली बाई कधी कारखान्याच्या फाटकातही गेलेली नसते. तिचे लक्ष आहे. आपले लक्ष तिच्याकडे आहे का, एवढेच बघायचे आहे.