दार त्यांचे, कडीही त्यांचीच

वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या शुश्रूषेसाठी माणसे मिळेनात म्हणून ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी सेवकांना आपले दार उघडले. साडेतीन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, २२ जुलै २०२५ रोजी, परदेशातून होणारी ही भरती बंद करण्यात आली. या अवधीत तेथील वृद्ध एकाएकी धडधाकट झाले असे नव्हे. पालटली ती राजकारणाची हवा. ब्रिटनच्या या धोरणाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

१९४८ च्या नागरिकत्व कायद्याने वसाहतींतील व राष्ट्रकुलातील प्रजेचा ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा व काम करण्याचा हक्क मान्य केला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन बेटांतील शेकडो प्रवाशांना घेऊन टिलबरी बंदराला लागले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशाला बसगाड्या, रुग्णालये आणि गिरण्या चालवण्यासाठी हात हवे होते. ते मिळाले, मात्र ते गोरे नाहीत, याची कुरकुरही लवकरच सुरू झाली. १९६२ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रकुलातील लोकांवर कामाच्या परवान्याचे बंधन घातले. मजूर पक्षाचे तत्कालीन नेते ह्यू गेट्स्केल यांनी त्याला कडाडून विरोध केला होता. परंतु सत्तेवर येताच त्याच पक्षाने १९६५ मध्ये परवान्यांची संख्या वर्षाला ८,५०० वर आणून ठेवली. विरोधी बाकांवरचे तत्त्व सत्तेच्या खुर्चीवर टिकले नाही.

खरी कसोटी १९६८ मध्ये लागली. केनियातील भारतीय वंशाच्या हजारो लोकांजवळ ब्रिटनचेच पारपत्र होते. तेथे राहणे कठीण झाल्यावर ते त्या पारपत्रावर विसंबून ब्रिटनकडे निघाले, तेव्हा गृहमंत्री जेम्स कॅलॅहन यांनी अवघ्या तीन दिवसांत संसदेकडून नवा कायदा संमत करून घेतला. आईबाप किंवा आजाआजी यांपैकी कोणाचा तरी जन्म वा नागरिकत्व खुद्द ब्रिटनमधील असेल, तरच पारपत्राला प्रवेशाचा अर्थ उरला. ही अट कोणाला सोयीची आणि कोणाला जाचक होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही. हा वांशिक भेदभाव असून माणसाची मानहानी करणारा आहे, असा निष्कर्ष युरोपीय मानवाधिकार आयोगाने १९७३ मध्ये काढला. न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे की, १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या सुमारे २८ हजार आशियाई लोकांना पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी स्वपक्षीयांचा विरोध पत्करून आश्रय दिला.

१ जानेवारी १९७३ हा दिवस या संदर्भात विसरता येण्यासारखा नाही. त्या दिवशी १९७१ चा कायदा अमलात येऊन राष्ट्रकुलाचे दार जवळजवळ मिटले आणि त्याच दिवशी ब्रिटन युरोपीय सामायिक बाजारपेठेत दाखल झाल्याने युरोपीय कामगारांना दुसरे दार उघडले.

गोमंतकीय पुढे ब्रिटनमध्ये शिरले ते या दुसऱ्या दाराने. पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तरी १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांचा व त्यांच्या वारसांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरील दावा त्याच्या कायद्याने जिवंत ठेवला. १९८६ मध्ये पोर्तुगाल त्या बाजारपेठेत सामील झाला आणि लिस्बनच्या कागदावर लंडनचा प्रवास शक्य झाला. स्विंडनसारख्या शहरात गोमंतकीयांची वस्ती उभी राहिली ती अशी. तिच्यात ख्रिस्ती आहेत तसे हिंदूही आहेत.

२३ जून २०१६ च्या सार्वमताने या दारालाही कडी लागली. ३१ डिसेंबर २०२० नंतर नव्याने जाऊ पाहणाऱ्या पोर्तुगीज पारपत्रधारकाला ब्रिटनमध्ये मुक्त प्रवेश उरलेला नाही. गंमत अशी की, परकीयांची संख्या घटवण्यासाठी युरोपशी काडीमोड घेणाऱ्या या देशाने लगेच भारत, नायजेरिया आदी देशांतून माणसे बोलावली आणि २०२३ च्या जूनअखेरच्या वर्षात तेथील निव्वळ भर नऊ लाखांवर गेली. आता पुन्हा दार लोटणे चालू आहे. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण मराठी असली, तरी तिचा व्यवहार लंडनमध्येही चालतो. २०१८ मध्ये तर ‘विंडरश’च्या पिढीतील, अर्धशतक तेथे कायदेशीर राहिलेल्या लोकांना कागद नाहीत म्हणून बेकायदेशीर ठरवल्याचे उघड झाले, गृहमंत्री अँबर रड यांना त्यावरून राजीनामा द्यावा लागला.

कोणाला प्रवेश द्यावा, हे ठरवण्याचा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आम्ही नाकारत नाही. पोटासाठी परदेशी जाणाऱ्यांना बोल लावणेही आम्हांला मान्य नाही. समुद्रापार जाणे गोमंतकाला नवे नाही. परंतु जाणाऱ्याने सौदा नीट ओळखावा. परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच १९५५ च्या आपल्या कायद्यान्वये भारतीय नागरिकत्व संपते. पुढे परदेशस्थ भारतीय म्हणून येथे राहता येईल. मत देता येणार नाही. म्हणजे ज्या भूमीत हक्काने बोलता येते तेथील आवाज द्यायचा आणि परक्यांच्या निवडणुकीगणिक बदलणारी सवलत घ्यायची, असा हा व्यवहार आहे. केनियातील आपल्या बांधवांजवळचा कागद तर खुद्द ब्रिटनचा होता. तोही तीन दिवसांत निष्प्रभ झाला.

आमच्या राज्यकर्त्यांनाही एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. ज्या राजवटीपासून मुक्त होण्यासाठी येथील लोकांनी तुरुंग भोगले, तिच्या दप्तरातील आज्याचा जन्मदाखला नातवाला येथील पदवीपेक्षा मोलाचा का वाटावा? याचे उत्तर लिस्बनला वा लंडनला मागता येणार नाही. ते पणजीतच द्यावे लागेल.