उपचार का सुटतात : पॉल फार्मर यांचे हैतीतील काम
पॉल फार्मर (१९५९–२०२२) डॉक्टर होते आणि मानववंशशास्त्रज्ञही. वैद्यकाची पदवी आणि मानववंशशास्त्रातील डॉक्टरेट त्यांनी १९९० मध्ये हार्वर्डमधून मिळवली. मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन हे त्यांचे गुरू. त्यांचे खरे शिक्षण मात्र हैतीच्या मध्य पठारावर, कांज या वस्तीत झाले. १९५६ मध्ये पेलिग्र धरणाने सुपीक खोरे बुडवले तेव्हा तिथले शेतकरी वरच्या खडकाळ उतारावर येऊन राहिले होते. त्यांच्यासाठी ‘झान्मी लासांते’ हा दवाखाना उभा राहिला. त्याला पैसा आणि माणसे मिळावीत म्हणून फार्मर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘पार्टनर्स इन हेल्थ’ ही संस्था काढली.

१९८८ च्या अखेरीस कांजमध्ये क्षयाचे तीन रुग्ण दगावले. औषधे मोफत असूनही हे घडले, म्हणून बैठक बसली आणि दोन तट पडले. डॉक्टर-परिचारिकांच्या मते, लोक क्षयाला चेटूक समजतात आणि गोळ्या सोडतात. गावातले आरोग्यसेवक मात्र सांगत होते की पोटात अन्न नाही आणि दवाखाना गाठायला पैसे नाहीत.

फार्मर यांनी या वादाचा निकाल कामातूनच लावायचे ठरवले. एका भागातील रुग्णांना फक्त मोफत उपचार दिले. दुसऱ्या भागात त्यासोबत पहिले तीन महिने दरमहा ३० डॉलर, पोषक आहार आणि प्रवासखर्च दिला. सुरुवातीचा महिनाभर आरोग्यसेवक रोज घरी जात. दुसऱ्या गटातले सगळे बरे झाले, पहिल्यातले निम्म्याहून कमी. चेटकाची शक्यता दोन्ही गटांतल्या बहुतेकांना मान्य होती, पण त्या समजुतीचा औषध घेण्या-न घेण्याशी संबंध आढळला नाही.

ज्याचे शास्त्रच माणसांच्या समजुतींचा अभ्यास करते त्या अभ्यासकाने हा निष्कर्ष मांडावा, याला मोठे मोल आहे. गरिबीमुळे होणाऱ्या हालांना ‘संस्कृती’ म्हणून मोकळे होण्याची सवय त्याच्याच विद्याशाखेने लावली होती. फार्मर यांनी ‘संरचनात्मक हिंसा’, म्हणजे समाजाच्या रचनेतूनच माणसांना होणारी इजा, ही समाजशास्त्रज्ञ योहान गाल्टुंग यांची कल्पना घेऊन तिला रुग्णाच्या इतिहासाची जोड दिली: धरण, विस्थापन, भूक, मग खोकला. पुढे पेरूतील लिमा शहरात बहुऔषधरोधक क्षयावर, कांजमध्ये एड्सवर आणि रवांडात जिल्हा रुग्णालयांच्या उभारणीत उपचारासोबत आधार देण्याची हीच रीत चालली. रवांडातील बुटारो येथेच फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतातही अशाच आधारासाठी निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून क्षयरुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० झाली. झारखंडमधील ‘रेशन्स’ अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांना धान्य दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. तरीही उपचार सुटलेल्या रुग्णावर आजही सहज ‘डिफॉल्टर’ असा शेरा मारला जातो. त्या शेऱ्याच्या आधी एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि घरातले धान्य यांची चौकशी नोंदवली जावी. ही चौकशी आशा कार्यकर्तीला करता येते, मात्र तिला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे.