वैद्यांनी उपाहारगृहात काय मागवावे?

काही महिन्यांपूर्वी आम्ही भिवंडीतील दहा-बारा वैद्यमित्र विरुद्धाहारावरील एक व्याख्यान ऐकून महामार्गालगतच्या एका उपाहारगृहात स्नेहभोजनास गेलो. भोजनपत्रिकेत शंभराहून अधिक पदार्थ होते. तरीही पाच मिनिटांत ठरले ते पनीर बटर मसाला, दाल तडका, जिरा राइस आणि तंदुरी रोटी! आरंभी मधात परतलेले तिखट बटाटे आले. अग्निसंस्कारित मधाचा दोष तासाभरापूर्वी तावातावाने सांगणाऱ्या मित्रांनी त्यांचाही समाचार घेतला. आम्हीही दोन फोडी उचलल्याच, तेव्हा इतरांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही.

परंतु आम्हांस खटकले ते निराळेच. ज्यांचा अर्धा व्यवसाय पथ्य सांगण्यावर चालतो, त्या आम्हां मंडळींपैकी एकालाही न खाल्लेला पदार्थ मागवून पाहावा असे वाटले नाही. आमच्या मते हे केवळ रुचीचे दारिद्र्य नसून चिकित्सेतील न्यून आहे.

भिवंडीसारख्या गावी तर ते विशेषच जाणवावे. यंत्रमागांच्या या गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमिन विणकरांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. तेलंगणातील पद्मशाली समाजाने पद्मानगर वसविले. बिहार व पूर्वांचलातून कामगार येतच असतात. त्याखेरीज मूळचे आगरी, कोळी, कोकणी मुसलमान आणि तालुक्यातील वारली बांधव आहेतच. आमच्या प्रतीक्षाकक्षात एका सकाळी पाच-सहा प्रांतांची स्वयंपाकघरे येऊन बसतात आणि आम्ही सर्वांच्या हाती एकच छापील पथ्यपत्रक देतो. त्यात मुगाची खिचडी, भाकरी, दुधीभोपळा, ताक! हे पत्रक पुण्यातील एखाद्या वाड्यासाठी उत्तम आहे.

आमचाच एक प्रमाद सांगतो. पद्मानगरातील एक पन्नाशीच्या बाई अम्लपित्तासाठी आमच्याकडे चार महिने येत होत्या. सूतशेखर झाले, कामदुधा झाली, अविपत्तिकर झाले. चार दिवस बरे वाटे आणि पुन्हा छातीत जळजळ सुरू होई. लोणचे, दही, इडली-डोसा वर्ज्य करण्यास सांगितले होते व त्या ते कटाक्षाने पाळीत. आहार विचारला की उत्तर एकच, "वरणभात". आम्ही समाधानाने मान डोलवीत असू.

पुढे एकदा त्याच वस्तीतील एका लहानशा खानावळीत जेवण्याचा योग आला. भातासोबत वाटीभर पातळ, तांबूस द्रव आला. आम्हांस ते आपले सार वाटले. घोट घेताच दात आंबले. चिंचेचा कोळ पाण्यात कालवून त्यात कच्चा कांदा व हिरवी मिरची घातलेली आणि वरून फोडणी. चुलीवर उकळण्याचे नाव नाही. याला पच्ची पुलुसु म्हणतात. पच्ची म्हणजे कच्चे, पुलुसु म्हणजे आंबट. खानावळीच्या मालकांनी सांगितले, "डॉक्टरसाहेब, हे तर घरोघरी असते, याला वेगळा पदार्थ कोण म्हणतो?" पुढच्या खेपेस बाईंना नाव घेऊन विचारले. दोन्ही वेळच्या भातावर तेच होते! ते बंद केले, त्या जागी मूगडाळीचे बिनचिंचेचे पप्पू, तूप आणि दोडक्याची भाजी दिली. औषध तेच ठेवले. तीन आठवड्यांत उपशय मिळाला. त्यांनी आमच्यापासून काही लपविले नव्हते. आम्हांस विचारता येत नव्हते, कारण त्या पदार्थाचे नावच ठाऊक नव्हते.

सक्तूची गोष्ट याहून मौजेची. पदवीच्या परीक्षेसाठी आम्ही सक्तूचे गुण मुखोद्गत केले होते. चव मात्र चाळिशी उलटल्यावर उन्हाळ्यात हातगाडीवर पाहिली. सत्तू पाण्यात घोळून त्यात कांदा, लिंबू व काळे मीठ घालून पेला पुढे केला जातो. त्याने तत्काळ तरतरी येते आणि पिण्याच्या सक्तूने लगेच तर्पण होते असे चरकाचार्य का म्हणतात ते एका पेल्यात उमगले. परंतु प्रमेहचिकित्सेत सांगितलेला सक्तू यवाचा आणि गाडीवरचा चण्याचा. रुग्णास नुसते "सक्तू घ्या" म्हटले की तो चण्याचाच घेणार. चणा रूक्ष व वातल. मलबद्धता व संधिशूल असलेल्या कामगारास तो कितपत सोसेल हे पाहावयास नको काय? शिवाय सक्तू रात्री घेऊ नयेत असा सद्वृत्तातील निर्देश. आता जो माणूस रात्रपाळीत माग चालवितो व दिवसा झोपतो, त्याची रात्र कोणती धरावी? या प्रश्नावर आमचे एकमत अद्याप झालेले नाही; जाणकारांनी या अंकांतून लिहावे.

काही ज्येष्ठ म्हणतील की संहितेत नसलेल्या पदार्थांच्या नादी वैद्याने का लागावे? सोळाव्या शतकात भावमिश्रांनी असा विचार केला असता, तर फिरंग रोग आणि चोपचिनी ही दोन्ही भावप्रकाशात आली नसती. त्याच ग्रंथाच्या कृतान्नवर्गात जिलेबी 'कुंडलिनी' या नावाने आपल्या गुणांसह स्थान मिळवून आहे. भावमिश्रांनी ती चाखली असणार, अशी आमची तरी खात्री आहे.

बाहेरचे खाणे आरोग्यदायी आहे, असा याचा अर्थ कुणी काढू नये. तेच ते तेल पुनःपुन्हा तापविणे, सकाळची ग्रेव्ही रात्री वापरणे, मलई व आंबट टोमॅटो एकाच कढईत रटरटविणे हे दोष आहेतच, आणि ते अधिककरून आपल्या परिचयाच्या त्याच चार पदार्थांत आहेत. रुग्णास घरचे अन्नच सांगावे. पण त्याच्या घरी काय शिजते हे कळण्याचा जवळचा मार्ग त्याच्या मुलखाच्या खानावळीतून जातो. तेथे बसावे, पदार्थाचे नाव त्याच्या भाषेत विचारून घ्यावे, द्रव्य कोणते, संस्कार कोणता, कशाशी व किती खातात, कोणत्या ऋतूत व कोणत्या वेळी खातात, हे टिपावे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायातील आहारविधीची आठ आयतने याहून वेगळे काय विचारतात? आणि मोमिन वस्तीत पहाटे मिळणारी रात्रभर मंदाग्नीवर शिजलेली निहारी ज्यांना वर्ज्य नाही, त्यांनी ती मांसरसाच्या वर्णनाशी ताडून पाहावी. वर तरंगणारा तेलाचा तवंग मात्र बाजूस सारावा.

अपथ्य सोडावयाचे तर पादांशिक क्रमाने, हे आपण रुग्णांस सांगतोच. नव्या पदार्थाचा स्वीकारही वैद्याने तसाच करावा. एका बैठकीत चार वाट्या पच्ची पुलुसु पिऊन सूतशेखराची गोळी शोधण्याचा अनुभव आम्ही घेतलेला आहे. पुढील स्नेहभोजन पद्मानगरातील त्या खानावळीत व्हावे, अशी सूचना आम्ही मित्रमंडळींपुढे ठेवली आहे. पनीर तेथे मिळत नाही, हे आधीच कळविले आहे.