दोन कोटी डॉलरचा सौदा

शासितांची संमती हाच राजसत्तेचा पाया, असे १७७६ साली जगाला बजावणाऱ्या अमेरिकेने १८९८ साली ही संमती कोणाला विचारली? क्यूबाच्या मुक्तीचे निमित्त करून तिने स्पेनशी युद्ध पुकारले आणि पॅरिसच्या तहाने पोर्तो रिको व ग्वाम घेतले. दोन कोटी डॉलर मोजून फिलिपाइन्सही घेतले. आगिनाल्दो यांनी त्या बेटांचे स्वातंत्र्य १२ जूनलाच घोषित केले होते. पण तहाच्या मेजावर त्यांच्या प्रतिनिधीला जागा नव्हती. फेब्रुवारी १८९९ मध्ये मनिलाभोवती लढाई पेटली आणि दोनच दिवसांनी सिनेटने तह संमत केला, तोही आवश्यक मतांहून अवघ्या एका मताने.

राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांच्या नावावर नोंदलेले समर्थन तर आपल्याला विशेष बोचावे. त्या लोकांना ख्रिस्ती करायचे होते म्हणे! तीन शतके बाप्तिस्मा घेत आलेल्या लोकांना! धर्माचे हेच पांघरूण स्पेनच्या राजांनीही वापरले होते, हे आपण विसरू नये. सुवार्तेला तोफेचा गाडा लागत नाही. तो लागतो साम्राज्याला.

फिलिपाइन्सला स्वातंत्र्य मिळाले १९४६ साली, ४ जुलै रोजी. अमेरिकेचाही स्वातंत्र्यदिन तोच! स्वातंत्र्य केवळ स्वतःपुरते जपणारे प्रजासत्ताक इतरांचे मालक कधी होते, हे त्याचे त्यालाही कळत नाही.